माझं ताट, तिचं पान

बायकोच्या तेरवीच्या पंगतीत माझा पुतण्या उभा राहून चार शब्द बोलला. काकू फार सात्त्विक होती, म्हणाला. उपासतापास कधी चुकवले नाहीत. दोन घासांत तिचं पोट भरायचं, अन्नावर वासना म्हणून नव्हती. आणि काकाही त्या काळाच्या मानाने पुढारलेले. नवरा जिवंत असताना बायकोला वेगळं ताट आणून देणारा आपल्या घराण्यातला पहिला माणूस. लोकांनी माना हलवल्या. माझ्या नातीचं लग्न ठरलं आहे आणि ती दोन महिन्यांपासून भात सोडून काकडी खाते. तिनेही मान हलवली. मी भात कालवत होतो. कालवलेला भात खाल्ला.

पुतण्याचा दोष नाही. त्याने जे ऐकलं ते सांगितलं, आणि त्याला जे ऐकू आलं त्यातलं बरंचसं मी होऊ दिलं होतं. आता तिला जाऊन दिवस झाले, माझ्याजवळ दुसरं काम नाही, म्हणून लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की माझ्या बायकोला भात फार आवडायचा.

आमचं लग्न झालं त्याच वर्षी राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर पलीकडे गेलं, बालाघाट अलीकडे, मध्य प्रदेशात राहिलं. मी नहर विभागात, म्हणजे कालव्यांच्या खात्यात, कारकून होतो. ऑफिसातले कागद हिंदीत झाले, घरातलं बोलणं तसंच राहिलं. ती किरनापूरच्या पुढच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरी धानाच्या चार बांधी, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, दोन बैल आणि खाणारी पुष्कळ तोंडं. ती घरच्या बायकांबरोबर लहानपणापासून चिखलात उतरून रोवणी करत आलेली. भूक लागली की जेवायचं आणि पोट भरलं की उठायचं, एवढंच तिला जेवणाविषयी माहीत होतं. लाखोरीची डाळ आणि भात असला की ती सगळा हात भरून कालवायची. मधे मिरची चावायची, डोळ्यात पाणी आलं की हसायची.

आमच्याकडे बायको नवऱ्याच्या ताटात जेवत असे. बऱ्याच घरांत तसंच होतं, म्हणून कुणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. माझं ताट पितळेचं होतं, लग्नात आहेर आलेलं, कडेवर माझं नाव कोरलेलं. मी जेवून उठलो की ती त्याच पाटावर, त्याच ताटावर बसायची. उरलेलं असेल ते खायची आणि वर पातेल्यातून वाढून घ्यायची. माझ्या आईचं ताट वेगळं होतं, कारण माझे वडील वारले होते. घरात वेगळं ताट असलेली बाई म्हणजे विधवा, असा त्याचा अर्थ होता.

लग्नानंतर वर्षभराने वारासिवनीकडे नात्यातलं एक लग्न होतं. आम्ही पुरुष बायकांच्या पंगतीला वाढत होतो. माझ्याकडे भाताचं टोपलं होतं. माझा ऑफिसातला एक मित्र माझ्यामागे डाळीची बादली घेऊन होता. बायकोने मला दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा मित्र म्हणाला, "वहिनी, मांगं बैल बांधला का? त्याच्यासाठी घेऊन राह्यल्या का भात?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही हसली. म्हणाली, "हौ भाऊजी. तुमच्यासारखाच हाय. बांधल्याशिवाय एका जागी राहतच नाही."

आता सगळी पंगत हसली. मित्रही हसला. एवढ्यावर मिटलं असतं. पण बायको चारचौघांत असं फाडकन बोलली हे मला आवडलं नाही, आणि हसू तिच्या बाजूला गेलं हे तर मुळीच आवडलं नाही. मी टोपलं खाली टेकवलं आणि मोठ्याने म्हणालो, "बैल कायले पाह्यजे? हेच ढोली हाय. कितीबी टाका, बूड दिसत नाही."

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची भली मोठी कणगी. आमच्या भागात घरोघर असायची. सगळ्यांना चित्र डोळ्यांसमोर आलं आणि लोक पुन्हा हसले. या वेळी ती हसली नाही. तिने वाढलेल्या भातावर आडवा हात धरला. मी पुढे सरकलो, मला अजून अर्धी पंगत वाढायची होती.

हे सगळं एवढंच आहे. कुणी रडलं नाही. बैलगाडीतून परत येताना ती माझ्या आईशी नवरीच्या शालूविषयी बोलत होती.

घरी आल्यावर तिने पातेल्यातून वाढून घेणं बंद केलं. हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. मी उठलो की ती ताटावर बसायची, जे उरलेलं असेल ते खायची, ताट घासायला घेऊन जायची. पातेल्यात भात असायचा. ती त्यावर झाकण ठेवायची.

आईच्या ते आधी लक्षात आलं. आई खूश झाली. "सुधरली आता," मला म्हणाली. "पहिले कशी खाये बाप्पा! ढोली." तो शब्द आई रागाने वापरत नसे. तो घरात रुळला होता. शेजारणीही वापरायच्या. ती ओ द्यायची.

लक्षात आल्यावर मी काय केलं, तर एक हिशेब सुरू केला. तो मी कुणाला सांगितला नाही आणि स्वतःलाही धड सांगितला नाही. मन खूश असलं की मी ताटात भात जास्त ठेवायचो, भाजीची फोड ठेवायचो, एखादे वेळी पापडाचा अर्धा तुकडा. मन नाराज असलं की कमी ठेवायचो. ती त्यावर काही बोलत नसे. पण ताटाकडे पाहिल्यावर तिला दिवस कसा आहे ते कळायचं, आणि तिला कळतं हे मला कळायचं. आमच्यात पुष्कळसं बोलणं तसंच झालं.

एका दिवशी साहेबांनी माझा एक हिंदी कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. माझ्या चुकांवर सगळे हसले. मी घरी आलो, जेवायला बसलो, डाळीत मीठ कमी होतं. मी अर्धं जेवण झाल्यावर तांब्या उचलला आणि ताटातच हात धुतला. आमच्याकडे पुरुष ताटात हात धुवायचे, ती रीत होती. पण ताटात बायकोचं जेवण ठेवायचं असेल तर बाहेर मोरीवर धुवायचे. मी भात असलेल्या ताटात धुतला. भाताची शितं पाण्यावर तरंगली.

आई म्हणाली, "अरे बाबू, तिचं जेवण राह्यलं ना."

मी काही म्हणायच्या आधी बायको म्हणाली, "सोमवार हाय ना आत्याबाई. मी आजपासून सोमवार धरला."

आईने कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. सून उपास करू लागली याचं तिला फार बरं वाटलं. बायकोने ताट उचललं, ते पाणी गाईच्या डोणीत ओतलं आणि ताट घासून पालथं घातलं. तिने माझी लाज झाकली होती. मी ती झाकू दिली. पानसुपारी खाऊन मी आडवा झालो आणि मला झोप लागली.

तिचे उपास असे सुरू झाले. सोमवार आधी. पुढे गुरुवारी माझं डोकं फिरलं, तर गुरुवार. मग चतुर्थी, मग एकादशी. पंचांगात होते त्याहून माझे राग जास्त होते. मंगळवारी राग आला की ती मंगळवारची भक्त व्हायची. शिंगाड्याचं पीठ घरात असायचं, पण तेही ती खात असे असं मी पाहिलं नाही. शेजारणी तिच्या पाया पडायला लागल्या. "ढोली" हा शब्द मागे पडला. आता तिला उपासाची बाई म्हणायचे. पुतण्याने तेरवीला सांगितलं ते हेच.

मुलगी झाली. पहिलं बाळंतपण ठीक गेलं. तेव्हा बाळंतिणीला खायला घालतात, आईने डिंकाचे लाडू केले, आणि कुणी समोर धरलं तर ती खायची. पण सव्वा महिना झाला आणि पुन्हा माझं ताट आलं.

एकदा दुपारी, एक कागद घरी विसरला म्हणून, ऑफिसातून परत आलो. ती परसात तांदूळ पाखडत बसली होती. सुपातल्या कच्च्या तांदळाचा बकाणा तोंडात टाकत होती. भराभर, मान खाली घालून. मला पाहून थांबली. ओच्यात तांदूळ होते, तेही पडले. आई बरेच दिवस म्हणत होती की तांदळाला उंदीर लागले. मी कागद घेतला आणि परत गेलो. वाटेत सायकलवर मी ठरवलं की रात्री ताटात जास्त भात ठेवायचा. ठेवला. तिने तो खाल्ला. त्यापलीकडे मी काही केलं नाही.

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिला उभं राहिलं की चक्कर यायची. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईने तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि आईला विचारलं, "इसमें खून ही नहीं है. ये खाती क्या है?"

आई मान वर करून म्हणाली, "व्रतवाली है. हफ्ते में चार-चार उपास करती है."

नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता पाहत होतो. बायको जमिनीकडे पाहत होती. मला वाटतं त्या खोलीत खरं बोलायची जागा होती, आणि ते एका वाक्याचं काम होतं. नर्सबाईने गोळ्या दिल्या. आम्ही रिक्शाने घरी आलो.

सातव्या महिन्यात ते बाळ गेलं. मुलगा होता. नर्सबाई नंतर म्हणाली, ऐसा होता है, किसी की गलती नहीं. ते वाक्य मी बरीच वर्षं जवळ ठेवलं. खरंही असेल. मला माहीत नाही, आणि आता कळायचा मार्ग नाही. त्या दिवसांत मला काय वाटलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी सुट्टीचा अर्ज लिहिला. तो बरोबर हिंदीत लिहिला, एवढं आठवतं.

तिला माहेरी पाठवलं. मुलगीही बरोबर गेली. दोन महिन्यांनी मी आणायला गेलो तेव्हा रोवणी चालू होती. घरी फक्त सासूबाई होत्या. त्यांनी पाणी दिलं, पाट दिला, आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"जवाईबापू, एक विचारू का जी? आमची पोट्टी तुमच्या घरी जेवत नाही का?"

"जेवते."

"मंग आली तेव्हा काडीसारखी काहून झालती?"

"उपास करते ना."

"आमच्या घरी तं कधी नाही केला जी तिनं. सणाले निवद दाखवेपर्यंत दम निघे नाही तिले." त्या हसल्या नाहीत. "बांधीवर गेली हाय. नोको जाऊ रोवाले म्हटलं, तं आयकत नाही."

मी शेताकडे गेलो. पाऊस थांबला होता. बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या मेरेवर, ओळीने जेवायला बसल्या होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल. मधे भाताचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणि डाळीची बटलोई ठेवली होती. जिला लागेल ती उठून घ्यायची. मी एका मोहाच्या झाडाखाली छत्री मिटून उभा राहिलो. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

ती जेवत होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी जेवायची तशी. हात भरून कालवत होती. शेजारच्या बाईने काही म्हटलं त्यावर तोंडात घास असताना हसली आणि तिला ठसका लागला. उठली, भात घेतला, परत बसली. कुणी पाहिलं नाही तिने किती घेतला ते. मग तिचा हात आपोआप मंद झाला. दोन घास उरले असतील. ती थांबली.

शेजारची म्हणाली, "घे ना वं आणखी. डाळ हाय अजून."

"नाही वं. भरलं माहं."

मी ते "भरलं" ऐकलं. इतकी वर्षं मी तिला रोज जेवताना पाहत होतो आणि हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. माझ्या घरी तिचं जेवण ताट रिकामं झालं की संपायचं, पोट भरलं की नव्हे. भरलं की थांबणं तिला आधीपासून येत होतं. ते मी पंगतीत मोडलं होतं. हे मला त्या झाडाखाली समजलं, पण समजण्याने काही झालं नाही. पायाला एक मुंगळा चावला, तो मी झटकला. मग पुढे होऊन हाक मारली. माझा आवाज ऐकताच तिने उरलेल्या दोन घासांवर हात धरला.

बालाघाटला आल्यावर मी चूक सुधारायला निघालो. माझ्यासारख्या माणसाला सुचेल तशी. नहराच्या कामाने वारासिवनीला गेलो होतो, तिथल्या बाजारातून एक नवं पितळेचं ताट घेतलं. माझ्या ताटापेक्षा थोडं मोठंच. घरी आणून तिच्यासमोर ठेवलं. "हे तुह्यं. आता याच्यात जेवत जा."

ती दोन पावलं मागे सरली. "तुमी जिवंत हा ना अजून?" म्हणाली.

आईने तर कपाळावर हात मारला. "अशुभ बोलू नोको बाबू, आन् करू तं अजिबात नोको. नवरा समोर बसला असताना बाई वेगळं ताट घेते काय? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या."

ताट तांदूळ निवडायच्या कामाला गेलं. ते अजून आहे. पुतण्या ज्या वेगळ्या ताटाविषयी बोलला ते हेच. त्यात माझी बायको एकदाही जेवली नाही. पुढे कधी पाहुण्यांसमोर त्या ताटाची गोष्ट निघायची. मी आणलं एवढं खरं असल्यामुळे मी गप्प राहायचो. लोक बाकीचं स्वतः जोडायचे.

ताट चाललं नाही म्हणून मी हुकूम सुरू केले. समोर बसायचो. "खा. आणखी घे. एवढं संपव." दवाखान्यातल्या नर्सबाईचं नाव सांगायचो. ती गिळायची. एका दिवशी मोरीवर जाऊन सगळं बाहेर काढलं. मग मी हुकूम सोडून ताटात मुद्दाम पुष्कळ भात ठेवायला लागलो. दुप्पट वाढून घ्यायचो, अर्धा खायचो. तो सगळा ती खायची. दोन दिवस मला वाटलं, जमलं. तिसऱ्या दिवशी ती ताटाकडे पाहत म्हणाली, "तुमी जेवढा ठेवता, तेवढीच माही भूक. कमी ठेवला तं कमी, जास्त ठेवला तं जास्त. मले माही भूक कायची समजन?"

एवढं लांब ती त्या विषयावर कधीच बोलली नव्हती. मी उठून बाहेर मोरीवर हात धुतला. त्या दिवसापासून ताटात हात धुतला नाही, जेवण उरलेलं असो नसो. मी स्वतःहून बरोबर केलेली गोष्ट विचाराल तर ती हीच आहे.

बाकीचं तिने केलं. आमच्या परसामागे पळस होते. ती मुलीला घेऊन पानं तोडून आणायची, बांबूच्या काड्यांनी टाचायची, सणावाराला लागतात म्हणून पत्रावळी करून ठेवायची. एका दुपारी मी जेवून उठलो. ती माझ्या ताटावर बसली नाही. ताट उचलून बाजूला ठेवलं, कोठीतून एक पत्रावळ आणली, पुसली, आणि पातेल्यातून स्वतः भात वाढून घेतला.

आई दारातून पाहत होती. "हे काय वं?"

"पान हाय आत्याबाई. ताट नोहे."

आई थांबली. तिच्या मनात रीत चाचपून पाहणं चाललं होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. पानाविषयी कुठे काही सांगितलेलं नव्हतं. पानावर काही फक्त विधवा जेवत नाहीत, सगळेच जेवतात. शेवटी आई म्हणाली, "पान हाय तं पान." आणि मग खाली बसत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मीबी जेवली याच्या बापाच्या ताटात. तो तं भाजीचा देठबी ठेवे नाही. आंगठ्यानं ताट पुसून खाये." तिने लोणच्याची बरणी पुढे सरकवली. "घे. आंब्याचं हाय."

लगेच सगळं बरं झालं असं नाही. पहिले कित्येक दिवस ती पानावर चिमणीएवढं घ्यायची. मग एकदम फार घ्यायची, पोट दुखेपर्यंत खायची आणि भिंतीला टेकून बसायची. कधी सकाळी दहालाच जेवायची, कधी संध्याकाळपर्यंत नाही. गूळ खायची, पातेल्याच्या बुडाची खरवड खायची, शिळा भात फोडणी न देता तसाच खायची. आई एकदा तोंड उघडणार होती, मी आईला हाताने थांबवलं. एकदा मीच म्हणालो, "आज जरा जास्त झालं का?" काळजीने म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी पान निघालं नाही. त्यानंतर मी तिच्या पानाकडे पाहणं सोडलं. ती जेवायला बसली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचो. माझ्या बाजूने एवढंच औषध होतं: न पाहणं आणि न बोलणं.

हळूहळू पानावरचा भात मध्यम झाला. कमी-जास्त व्हायचा, पण तो तिच्या दिवसाप्रमाणे व्हायचा, माझ्या नाही. कच्चे तांदूळ बंद झाले. तिने ते ठरवून सोडले असं मला वाटत नाही. पाहिजेसे वाटले नाहीत. सोमवार कधी सुटला ते कळलं नाही. मग गुरुवार सुटला. एकादशीला तिने घरात सगळ्यांबरोबर डाळभात खाल्ला आणि आईने देवाला मनातल्या मनात काय सांगितलं ते आई जाणे. एक हरतालिका मात्र तिने शेवटपर्यंत केली. मी एकदा विचारलं, ही काहून ठेवली. म्हणाली, "हे माही हाय. लग्नाच्या पहिलेपासूनची."

मोहल्ल्यात मात्र उपासाच्या बाईचं नाव तसंच राहिलं. लोकांनी एकदा नाव ठेवलं की ते घरात डोकावून खात्री करत नाहीत.

पुढे पुष्कळ वर्षांनी, मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा, मी तिला म्हणालो की त्या पंगतीतलं मी बोलायला नको होतं. ती वांगी चिरत होती. "कोणत्या पंगतीतलं?" म्हणाली नाही. म्हणाली, "तो भात शिळा झाला आता. कायले गरम करून राह्यले?" आणि बाहेर कोण आलं ते पाहायला सांगितलं. तिने माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. आपल्याला माफी मिळाली असं मी धरून चालत नाही.

तर पुतण्याला आणि विशेषतः नातीला सांगायचं ते असं. तुमची काकू म्हणा, आजी म्हणा, दोन घासांत समाधान मानणारी बाई नव्हती. ती चांगलं जेवणारी बाई होती. मधली काही वर्षं ती उपाशी होती, आणि ते पुण्य नव्हतं. ते माझ्यामुळे होतं. ती नंतर पुन्हा जेवायला लागली, ते मी शिकवल्यामुळे नव्हे, कुठलं पथ्य पाळल्यामुळे नव्हे. भूक लागली की खायचं आणि भरलं की थांबायचं, हे तिने पुन्हा शोधून काढलं. त्यात तिची कित्येक वर्षं गेली.

आणखी एक दिवस लिहितो आणि थांबतो. आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यातला. तोपर्यंत बायको पानावर जेवत असली तरी माझ्यानंतरच जेवायची. कितीही उशीर होवो, आधी मी, मग ती. तेवढं राहिलं होतं. त्या दिवशी ऑफिसात तपासणी होती. मी घरी आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. बायको आतल्या खोलीत फरशीवर उशी घेऊन पडली होती. मला पाहून उठली नाही.

"मी जेवली," म्हणाली.

मी दारात उभा राहिलो.

"भूक लागलती. भात झाकला हाय, डाळ चुलीवर हाय. वाढून घ्या."

तिच्या आवाजात माफी नव्हती आणि धिटाईही नव्हती. वेळ काय झाली ते सांगावं तसं सांगितलं. मग ती कुशीवर वळली.

मी स्वयंपाकघरात गेलो. स्वतःचं ताट स्वतः घेतलं. पातेल्यावरचं झाकण काढलं आणि डाव हातात धरून बराच वेळ उभा राहिलो, कारण मला किती लागतो ते मला माहीत नव्हतं. आजवर आई वाढायची, मग ती वाढायची. मी चार डाव घेतले. जेवलो. सवयीने थोडा भात ताटाच्या कडेला सारून ठेवला आणि मग ध्यानात आलं की तो खायला कुणी बसणार नाही. तो मी बाहेर नेऊन गाईपुढे टाकला, मोरीवर ताट घासलं.

आत आलो तेव्हा ती झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं, एक हात पोटावर होता. मी ताट हळूच भिंतीला टेकवून ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून.